हिरड्यांचा विकार आणि डोळ्यांचा दाह

वरच्या दाढेंत कळ उठली आहे, गाल सुजला आहे, दोन रात्री झोप नाहीं, तरी दंतवैद्याकडे जाण्याचें नांव काढतांच घरांतील एखादी वडीलधारी बाई हमखास म्हणते, "वरची दाढ काढूं नकोस हो, डोळ्यांवर येईल!" ही भीति आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिच्यापायीं कित्येक मंडळी सडकी दाढ वर्षानुवर्षें तोंडांत बाळगतात, हिरड्यांतून येणारें रक्त चूळ भरून थुंकून टाकतात, आणि डोळे तेवढे शाबूत राहिले म्हणून समाधान मानतात. सुशिक्षित मंडळी या समजुतीला हंसतात व दांतांचा आणि डोळ्यांचा कांहींएक संबंध नाहीं, असें सांगून मोकळी होतात.

मौज अशी कीं, या वादांत दोन्ही पक्ष थोडे थोडे चुकलेले आहेत. दाढ काढल्यानें डोळा जात नाहीं, हें खरें. परंतु दांतांच्या मुळाशीं दीर्घकाळ धुमसत राहिलेला विकार शरीराच्या इतर भागांस, आणि कदाचित् डोळ्यांसहि, उपद्रव देऊं शकतो काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्रानें गेल्या सवाशें वर्षांत पुन्हां पुन्हां विचारलेला आहे. एकदां त्याचें उत्तर फार उतावळेपणानें दिलें गेलें आणि त्याची किंमत हजारों माणसांनीं आपले दांत देऊन चुकती केली. हल्लीं तोच प्रश्न नव्या ज्ञानाच्या उजेडांत पुन्हां पुढें आला आहे. तो नीट समजून घेणें प्रत्येक कुटुंबाच्या हिताचें आहे. कारण त्याच्या एका टोकाला माणसाची दृष्टि आहे, आणि दुसऱ्या टोकाला रोज सकाळ-संध्याकाळचें चार मिनिटांचें काम.

हिरडीखालीं काय चालतें?

भिंतींत खिळा ठोकावा तसा दांत जबड्यांत ठोकलेला नसतो. दांताचें मूळ आणि जबड्याचें हाड यांच्यामध्यें बारीक तंतूंचें एक नाजूक अस्तर असतें, आणि त्यावर हिरडी दांताच्या मानेभोंवतीं गळपट्ट्यासारखी घट्ट बसलेली असते. दांत आणि हिरडी यांच्यामध्यें दोन-तीन मिलिमीटर खोलीची एक अरुंद फट राहते. या फटींत अन्नाचा अंश आणि जंतु यांचा चिकट थर सांचत असतो. तो रोजच्या रोज निघाला तर कांहीं बिघडत नाहीं. न निघाला तर लाळेंतील क्षार त्यावर बसतात आणि त्याचें टणक कीटण बनतें. मग हिरडी लाल होते, फुगते, आणि ब्रश लागतांच तिच्यांतून रक्त येऊं लागतें. या अवस्थेंत उपाय केला तर हिरडी पूर्ववत् होते. परंतु तसेंच चालूं दिलें तर फट खोल होत जाते, तंतु तुटतात, हाड झिजतें, पू दिसूं लागतो, आणि शेवटीं चांगला धडधाकट दिसणारा दांत डुलूं लागतो. आपल्या आजोबांच्या काळापासून या रोगाला आपण पायोरिया म्हणत आलों. दंतवैद्य आतां त्यास पेरिओडाँटायटिस म्हणतात.

हा रोग नवा नव्हे. सुश्रुतसंहितेंत मुखाचे ६५ रोग सांगितले आहेत, आणि त्यांपैकीं १५ एकट्या दंतमुळांचे आहेत. हिरड्यांतून अकारण रक्त येणें म्हणजे शीताद, आणि रक्त-पू येऊन दांत हलूं लागणें म्हणजे दंतवेष्ट, असे भेदहि तेथें केलेले आढळतात.

या विकाराचा खरा दुर्गुण हा कीं, तो दुखत नाहीं. किडकी दाढ माणसाला रात्रीं उठवून बसवते. पायोरिया वीस वर्षें मुकाट्यानें आपलें काम करतो. रोग पुष्कळ वाढलेल्या तोंडांतील सर्व दांतांभोंवतींचा आंतून सुजलेला, सोललेला भाग एकत्र मांडला तर तो ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो, असा हिशेब दंतशास्त्रज्ञांनीं केला आहे. एवढी उघडी जखम हातावर असती, तर घरांतल्या कोणीहि आपल्याला तिसऱ्या दिवसापलीकडे स्वस्थ बसूं दिलें नसतें! आणि ही जखम नुसती उघडी नसते. चावतांना व ब्रश फिरवतांना तींतून जंतु थोडे थोडे रक्तांत उतरत असतात. निरोगी शरीर ते बहुधा तत्काळ निकालांत काढतें. परंतु ही चकमक रोज चालूं राहते.

'डोळे येणें' नव्हे असा लाल डोळा

आतां डोळ्याकडे वळूं. डोळ्याच्या गोलाला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा, बळकट थर. अगदीं आंतला, ज्यावर चित्र उमटतें तो नेत्रपटलाचा थर. आणि या दोहोंमधील रक्तवाहिन्यांनीं भरलेला काळसर थर. बाहुलीभोंवतींची रंगीत चकती ही या मधल्या थराचाच पुढचा भाग होय. बाहेरचा थर सोलून काढला असतां हा मधला थर काळ्या द्राक्षासारखा दिसतो. म्हणून द्राक्षाच्या लॅटिन नांवावरून त्यास युव्हिआ म्हणतात, आणि त्याच्या दाहाला युव्हिआयटिस.

आपल्याकडे डोळा लाल झाला कीं "डोळे आले" असें म्हणून आपण गुलाबपाण्याच्या घड्या ठेवतों. परंतु येथें सावध राहिलें पाहिजे. डोळे येतात तेव्हां चिपडें येतात, खाज सुटते, बहुधा दोन्ही डोळे धरतात, आणि चिपडें पुसलीं कीं दिसावयास पूर्वीप्रमाणेंच दिसतें. युव्हिआयटिसमध्यें चिपडें नसतात. बहुतेक वेळां एकच डोळा बुबुळाभोंवतीं लाल होतो, आंतून ठणकतो, उजेड मुळींच सहन होत नाहीं, आणि नजर धूसर होते. दाह मागच्या भागांत असला तर लालीहि नसते आणि वेदनाहि नसते. फक्त डोळ्यांपुढें काळे ठिपके तरंगतात व अक्षरें पुसट होतात.

हा विकार म्हातारपणाचा नव्हे. वीस ते साठ या वयांत, म्हणजे माणूस कमावता असतांना किंवा घरांत लहान मुलें असतांना, तो विशेषेंकरून येतो. वेळींच उपचार झाला तर डोळा सुधारतो. न झाला तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते, पुढें मोतीबिंदू होतो, डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो, आणि नेत्रपटलाला सूज येऊन दृष्टि कायमची अधू होते.

त्याचीं कारणें अनेक आहेत. क्षयाचे जंतु, उपदंश, नागिणीच्या जातीचे विषाणु हीं कांहीं. परंतु पुष्कळ रोग्यांत डोळ्यांत जंतु सांपडतच नाहीं. तेथें शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ति चवताळून आपल्याच डोळ्यावर उलटलेली असते. ती कशानें चवताळली, या प्रश्नापाशींच हिरड्यांचा विषय सुरू होतो.

जुन्या समजुतींत काय खोटें, काय खरें

तत्पूर्वीं घरांतल्या त्या जुन्या भीतीचा निकाल लावूं. दांतांना आणि डोळ्याच्या वरवरच्या भागाला स्पर्श व वेदना यांची जाणीव देणाऱ्या नसा मेंदूच्या एकाच पांचव्या मज्जातंतूच्या शाखा आहेत. म्हणून वरच्या दाढेची कळ डोळ्यामागें जाणवते. परंतु पाहण्याचें काम करणारा मज्जातंतु निराळाच, दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याचा दाढेशीं सांधा नाहीं. दाढ काढल्यानें त्यास धक्का लागत नाहीं. मग ही समजूत रुजली कशी? दाढा काढण्याची पाळी बहुधा चाळिशीच्या आसपास येते, आणि 'चाळिशी' हें नांव आपण चष्म्याला उगीच दिलेलें नाहीं. दोन गोष्टी एकाच वयांत घडल्या, आणि एकीचा आळ दुसरीवर आला.

उलट, अगदीं क्वचित् पण खरोखर घडणारी गोष्ट आहे ती ही. वरच्या दाढांचीं मुळें गालाच्या हाडांतील पोकळीला अगदीं लागून असतात, आणि त्या पोकळीचें छप्पर म्हणजेच डोळ्याच्या खोबणीची जमीन. दाढेच्या मुळाशीं झालेला पू या मार्गानें वर चढला तर डोळा सुजून पुढें येतो आणि दृष्टीला तत्काळ धोका उत्पन्न होतो. म्हणजे डोळ्याला भय आहे तें दाढ काढण्याचें नव्हे; पुवानें भरलेली दाढ तशीच ठेवण्याचें आहे.

दांत उपटण्याचें वेड

डोळ्यांत जंतु नसतांना होणाऱ्या दाहाचा प्रश्न मात्र एवढा सरळ नाहीं, आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. बर्लिन येथें रॉबर्ट कॉक यांच्या जंतुशास्त्राच्या प्रभावाखालीं काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनीं १८९१ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्याचें तोंड हें साऱ्या शरीराला रोग पुरवणारें एक केंद्र होऊं शकतें. १९१० सालीं लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनीं कॅनडांतील माँट्रियल येथें मॅक्‌गिल विद्यापीठांत एक घणाघाती व्याख्यान दिलें. घाणीनें भरलेल्या दांतांवर सोन्याचीं टोपणें आणि पूल चढवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनीं कडक टीका केली. त्यानंतर शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनीं 'केंद्रस्थ जंतुदोष' ही कल्पना वैद्यकवर्गांत सर्वत्र पसरवली. संधिवात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, मनाचे आजार आणि डोळ्यांचा दाह, सर्वांचें मूळ दांत नि टॉन्सिल यांत दडलेलें आहे, असें मानलें जाऊं लागलें.

मग दांत उपटण्याची लाटच आली. डोळा लाल होऊन आलेल्या रोग्यांचेहि दांत काढले जाऊं लागले. कित्येकांचे तर निरोगी दांतहि गेले. अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनीं तर वेडावरील उपाय म्हणून रोग्यांचे दांत, पुढें टॉन्सिल, आणि अखेरीस आंतड्याचे भागहि काढण्याचा सपाटा लावला. त्या शस्त्रक्रियांत पुष्कळ रोगी दगावले.

ही कल्पना सपशेल खोटी होती असें नाहीं. ती तपासल्यावांचून वापरली गेली, हा दोष होता. १९३८ सालीं अमेरिकेंत सेसिल व अँजेव्हाइन यांनीं संधिवाताच्या २०० रोग्यांचा लेखाजोखा मांडला, तेव्हां दांत वा टॉन्सिल काढल्याचा म्हणण्याजोगा उपयोग झाल्याचें दिसेना. १९४० सालीं या संपूर्ण मताची कठोर चिकित्सा प्रसिद्ध झाली, आणि पुढच्या दशकांत पेनिसिलिन व कॉर्टिसोन हातीं आल्यावर वैद्यांनीं तो विषय अडगळींत टाकला. परंतु निर्दयपणें काढलेले दांत परत आले नाहींत.

प्रश्न पुन्हां कां उठला?

अडगळींतून हा विषय बाहेर आला तो निराळ्या वाटेनें. जुने वैद्य म्हणत कीं, दांतांतले जंतु प्रवास करून सांध्यांत वा डोळ्यांत घर करतात. आजचा विचार असा आहे कीं, जंतूनें प्रवास करण्याची गरज नाहीं. त्यानें तोंडांत बसून प्रतिकारशक्तीला चुकीचा धडा शिकवला तरी पुरे.

याचें एक उदाहरण फार उद्बोधक आहे. १९३७ सालीं इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनीं एका रोगाचें वर्णन केलें. त्यांत तोंडांत व गुह्यभागीं वारंवार व्रण होतात आणि डोळ्यांत तीव्र दाह उठतो. तोंड नि डोळा एकाच रोगांत बांधले गेल्याचें हें ठळक उदाहरण होय. हा रोग भूमध्यसमुद्रापासून जपानपर्यंतच्या प्राचीन व्यापारी मार्गाच्या पट्ट्यांत विशेष आढळतो. तुर्कस्तानांतील पाहणींत या रोग्यांच्या हिरड्या इतरांपेक्षां अधिक बिघडलेल्या आढळल्या, आणि तोंडाची स्थिति जितकी वाईट तितका रोगहि तीव्र, असेंहि दिसून आलें.

दुसरें उदाहरण कण्याच्या वाताचें. १९७३ सालीं असा शोध लागला कीं, पाठीचा कणा ताठरून टाकणाऱ्या वाताच्या बहुतेक रोग्यांत, तसेंच डोळ्याच्या पुढील भागाच्या अकस्मात् होणाऱ्या दाहाच्या पुष्कळ रोग्यांत, एचएलए-बी २७ नांवाची एकच आनुवंशिक खूण असते. कण्याच्या या वाताच्या दर तीन-चार रोग्यांपैकीं एकास केव्हां ना केव्हां युव्हिआयटिस होतो. आणि याच रोग्यांत हिरड्यांचा विकारहि इतरांपेक्षां अधिक आढळतो.

तिसरें उदाहरण खुद्द पायोरियाच्या एका जंतूचें. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस असें लांबलचक नांव असलेला हा जंतु एक असें द्रव्य तयार करतो कीं, ज्यामुळें आपल्या शरीरांतील प्रथिनांचें रूप किंचित् पालटतें. रूप पालटलेलीं हीं प्रथिनें प्रतिकारशक्तीला परकीं वाटतात. आमवातासारख्या संधिवाताच्या रोग्यांच्या रक्तांत अशाच पालटलेल्या प्रथिनांविरुद्ध लढणारीं द्रव्यें सांपडतात. हिरड्यांचा विकार आणि संधिवात यांच्यामधील हा दुवा आज गंभीरपणें अभ्यासला जात आहे.

आणि डोळा? अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेंतील संशोधकांनीं २०१५ सालीं उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. या उंदरांना जन्मतःच युव्हिआयटिस होण्याची प्रवृत्ति होती. त्यांच्या आंतड्यांतील जंतु औषधानें कमी केले तेव्हां डोळ्याचा दाह उशिरा व सौम्य आला. आंतड्यांतल्या जंतूंच्या सान्निध्यांत चिथावल्या गेलेल्या पेशीच डोळ्यावर चालून जात होत्या, असें त्यावरून दिसलें. हा प्रयोग हिरड्यांचा नव्हे, आंतड्याचा होता. आणि माणसावर नव्हे, उंदरावर होता. तथापि शरीराच्या एका भागांतील जंतु दूरच्या डोळ्यांत स्वतः न जातां तेथें आग लावूं शकतात, एवढें त्यानें दाखवलें.

घाईचा निष्कर्ष नको

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, पायोरिया झाला म्हणजे आतां डोळा जाणार. तसें मुळींच नाहीं. पायोरिया असलेल्या बहुसंख्य लोकांना युव्हिआयटिस कधींच होत नाहीं. दोन विकार एकाच माणसांत दिसले म्हणजे एक दुसऱ्याचें कारण ठरतो असें नाहीं. दोहोंचें मूळ तिसरेंच असूं शकतें. धूम्रपानानें हिरड्याहि बिघडतात आणि युव्हिआयटिसचा संभवहि वाढतो. ज्याला डोळ्यासाठीं दीर्घकाळ औषधें घ्यावीं लागतात, त्याच्या तोंडाची निगा त्या काळांत कमी होणेंहि स्वाभाविक आहे. हिरड्यांवर उपचार केल्यानें युव्हिआयटिस थांबतो, असें अजून सिद्ध झालेलें नाहीं.

शिवाय आपल्या देशांत डोळ्याच्या दाहाचीं कारणें शोधतांना क्षयाची तपासणी टाळून चालत नाहीं. १९९३ सालीं दक्षिणेंत मदुरै भागांत मोठे पूर आले. त्यानंतर तेथील नेत्रतज्ज्ञांपुढें युव्हिआयटिसचे रोगी मोठ्या संख्येनें येऊं लागले. शोध घेतां उंदराच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून येणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग त्यामागें निघाला. त्या वेळीं कोणी दांत उपटण्याचा उपाय करीत बसलें असतें, तर दांतहि गेले असते आणि डोळेहि. कारण शोधावयाचें तें चिकाटीनें, आणि रोग्यागणिक.

घरांत काय करावें?

पहिली गोष्ट डोळ्याची. डोळा लाल आहे, ठणकतो, उजेड सोसत नाहीं आणि नजर धूसर झाली आहे, यांपैकीं दोन गोष्टी एकत्र दिसल्या कीं त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. औषधाच्या दुकानांतून आपल्याच बुद्धीनें थेंब आणूं नयेत. तशा कित्येक थेंबांत स्टेरॉइड असतें. वैद्याच्या देखरेखीखालीं तें दृष्टि वाचवतें, परंतु मनाला येईल तसें वापरलें तर त्यानेंच काचबिंदू व मोतीबिंदू होतो. नेत्रवैद्यानें विचारलें नाहीं तरी आपण होऊन सांगावें कीं, तोंडांत वारंवार व्रण येतात, पहांटे कंबर ताठरते, किंवा सांधे सुजतात. डोळ्याच्या दाहाचा उलगडा पुष्कळदां अशा दूरच्या खुणांनीं होतो.

दुसरी गोष्ट हिरड्यांची. ब्रश करतांना रक्त येणें ही नेहमींची गोष्ट आहे असें समजूं नये. ती रोगाची पहिली हाक आहे. रक्त येतें म्हणून घासणें सोडणें हा तर उलटा उपाय झाला. मऊ ब्रशानें, दांत आणि हिरडी जेथें मिळतात त्या रेषेवर, दोन वेळां हळुवार घासावें. दांतांमधील फटी दोऱ्यानें वा बारीक ब्रशानें साफ कराव्यात. वर्षांतून निदान एकदां दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यावें. कीटण काढल्यानें दांत सैल होतात, ही समजूतहि दाढेच्या समजुतीचीच बहीण! दांत सैल झालेले असतात ते हाड झिजल्यामुळें. कीटण निघाल्यावर तें नुसतें उघडकीस येतें.

मिसरीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. भाजलेली तमाखू दांतांना लावण्याची संवय पूर्वीं आपल्याकडे कित्येक प्रतिष्ठित घरांतील बायकांतहि होती, आणि अजून ती समूळ गेलेली नाहीं. तिनें दांत बळकट होत नाहींत. हिरड्या सोलल्या जातात, आणि तोंडाच्या कर्करोगाचें भय वाढतें. विड्यांतील तमाखूसहि हेंच लागू आहे.

घरांत कोणास मधुमेह असेल तर त्याच्या हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेहानें पायोरिया बळावतो आणि पायोरियानें रक्तांतील साखर वर राहते. येथें मात्र पुरावा भक्कम आहे: हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत साखरेचें एचबीए१सी हें प्रमाण सुमारें ०.४ टक्क्यांनीं उतरतें. ही साखर मधुमेह्याचें नेत्रपटलहि खात असते. तेव्हां युव्हिआयटिसचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिरड्यांची निगा डोळ्यांच्या कामीं येतेच.

आणि तिसरी गोष्ट, ज्यांना युव्हिआयटिस झालेलाच आहे त्यांच्यासाठीं. त्यांनीं एकदां दंतवैद्याकडून हिरड्या अवश्य तपासून घ्याव्यात, आणि प्रतिकारशक्ति मंदावणारीं औषधें चालूं असतील तर तसें त्यास आधीं सांगावें. हिरड्यांचा उपचार हा डोळ्याच्या उपचाराच्या जोडीला असावा. त्याच्या जागीं नसावा. डोळ्यासाठीं म्हणून निरोगी दांत काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर वरचा सारा इतिहास आठवून त्यास नम्रपणें नकार द्यावा.

घरांतील त्या वडीलधाऱ्या बाईंचा दांतांचा नि डोळ्यांचा संबंध असल्याचा संशय अगदींच निराधार नव्हता. त्यांनीं भय तेवढें उलट्या बाजूला धरलें होतें. पुढच्या वेळीं त्या "डोळ्यांवर येईल" म्हणूं लागल्या, कीं त्यांना हंसूं नये. त्यांना सांगावें, "खरें आहे, म्हणूनच आज दंतवैद्याकडे जाऊं." आणि जातांना त्यांनाहि बरोबर न्यावें, त्यांच्याहि हिरड्या कोणी तरी एकदां पाहावयास हव्याच आहेत.